लेक एनसीसीच्या ड्रिल स्क्वाडमध्ये 'रिझर्व्ह' आहे, दिवाळीच्या कॅम्पला पाठवू का?

बार्शीची_आई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसीत सीनियर विंगला. मागच्या महिन्यात दहा दिवसांचा कॅम्प करून आली. आली तेव्हा दोन्ही टाचांना फोड, नाकाचं सालटं निघालेलं आणि आवाज बसलेला. मी विचारलं, "मार खाल्लास का कुणाचा?" तर हसली.

तिची ड्रिलच्या स्क्वाडसाठी निवड झालीय, पण रिझर्व्ह म्हणून. आता पुढचा कॅम्प, मग ग्रुपांच्या आपापसातल्या स्पर्धा. आयजीसी म्हणतात त्याला. या सगळ्यात दिवाळी जाणार. शिवाय केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स, सबमिशन.

सासूबाईंचं म्हणणं, "नुसतं उभं राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? उभं राहायचंय तर रेशनच्या रांगेत राहा म्हणावं." यांना विचारलं तर "तुम्ही दोघी ठरवा." घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं हे एकच उत्तर असतं.

मला मुलीचंच कळेना झालंय. रात्री मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसते आणि फोनवर त्या मुलींचा ग्रुप वाजत राहतो. कुणाला नावानं हाक नाही, सगळ्या "ए अकलूज", "ए दौंड". परवा म्हणाली, "आई, मी नाही गेले तर त्यांचं जमणार नाही." अगं, पण तू रिझर्व्ह आहेस ना? यावर नुसतं बघत राहिली माझ्याकडे.

कुणाला अनुभव आहे का? पाठवावं का? आणि त्या टाचांचं काय करू?

गच्चीवरचा_कावळा

रिझर्व्ह म्हणजे क्रिकेटमधला बारावा गडी. पाणी नेऊन द्यायचं आणि टाळ्या वाजवायच्या. त्यापेक्षा प्रॅक्टिकल्स करू द्या.

ठाणेकर_मावशी

कावळेभाऊ, तुम्ही गच्चीवरच बरे.

ताई, व्यवहाराचं तेवढं सांगते, माझ्या भाचीनं हे सगळं केलंय. बी आणि सी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर कॅम्पची हजेरी लागतेच, त्यामुळे हे दिवस फुकट जात नाहीत. एनसीसीचं सी सर्टिफिकेट निदान 'बी' ग्रेडनं मिळालं आणि पदवीला ५० टक्के पडले, तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. मुलींनाही. पुढचं ट्रेनिंग चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीत. प्रॅक्टिकल्सचं म्हणाल, तर कॅम्पचं पत्र आधीच विभागप्रमुखांच्या हातात द्या. एएनओ मॅडमनी (कॉलेजातल्या एनसीसीच्या प्रमुख शिक्षिका) दिलं असेल या भरवशावर राहू नका, स्वतः द्या आणि पोच घ्या.

आणि ही स्पर्धा गल्लीतली नाही हो. यातूनच पुढे दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन कॅम्पची निवड होते. २०२५ च्या कॅम्पला देशभरातून २,३६१ कॅडेट होते, त्यात ९१७ मुली. आपल्या महाराष्ट्र डायरेक्टोरेटनं २०२२, २०२३, २०२४ असा लागोपाठ तीनदा पंतप्रधानांचा बॅनर, म्हणजे त्या कॅम्पचं पहिलं बक्षीस, आणलाय. म्हणजे तुमची लेक कुठल्या गर्दीतून रिझर्व्हपर्यंत पोचलीय ते बघा.

मिरजेची_हळद

ताई, मी रिझर्व्ह होते. २०११ साली, कोल्हापूर ग्रुपच्या मुलींच्या स्क्वाडमध्ये. आता मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत हिशेब बघते, परेडशी संबंध उरलेला नाही. पण तुमच्या मुलीचं "त्यांचं जमणार नाही" वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी रिझर्व्ह काय करते ते सांगते, कारण आमच्या घरीही कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. पहाटे फॉलिन झालं, म्हणजे सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, की स्क्वाडचं साइजिंग (उंचीप्रमाणे लावणं) होतं. "लंबा दाहिने, छोटा बाएँ", मग ओळी पडतात त्या अशा की उंच मुली दोन्ही टोकांना आणि बुटक्या मध्ये. लांबून बघणाऱ्याला वरची रेघ एकसारखी उतरत, चढत गेलेली दिसते. प्रत्येकीची जागा ठरलेली. रिझर्व्हला जागा नाही. पण कुणी आजारी पडली, कुणाची पाळी आली आणि पोट धरून बसली, कुणाला एमआय रूमला (कॅम्पच्या दवाखान्यात) नेलं, की त्या मोकळ्या जागेत हिनं जायचं. आज पहिल्या ओळीचं टोक, उद्या तिसऱ्या ओळीचं मधलं. वळताना आतली मुलगी जवळजवळ जागेवरच पाय आपटते आणि बाहेरची लांब ढांगा टाकते, तरच ओळ मोडत नाही. बाकीच्यांना आपापलं एकच पाऊल पाठ असलं तरी भागतं, रिझर्व्हला सगळ्यांचं यावं लागतं. "दाहिने देख" झालं की सगळ्यांच्या माना उजवीकडं, पण उजव्या टोकाच्या मुली समोरच बघतात, नाहीतर अख्खा स्क्वाड तिरका जाईल. मी एकदा त्या टोकाला उभी होते आणि सवयीनं मान वळवली. त्या दिवशी शिक्षेचे फ्रंटरोल (कोलांट्या) मोजायचेही सोडून दिले मी.

पण हे झालं कामाचं. खरी गोष्ट वेगळी आहे.

स्क्वाडला स्वतःचा स्क्वाड दिसत नाही. आत चालणाऱ्या मुलीला समोरचीची पाठ दिसते, डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीचा खांदा दिसतो, बस्स. तिरकी ओळ सरळ आहे की नाही, कुणाचा हात खांद्याएवढा येतोय आणि कुणाचा छातीशीच थांबतोय, हे बाहेरून कळतं. आणि बाहेर आम्ही दोघंच, पीआय स्टाफ (ड्रिल शिकवणारे सैन्यातले उस्ताद) आणि मी.

आमचे उस्ताद एक हवालदार होते, फार बोलायचे नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी स्क्वाड थांबवला आणि मला विचारलं, "बाहर वाली, बोल. किसका हाथ कम जा रहा है?"

मला माहीत होतं. दुसऱ्या ओळीत इचलकरंजी. (आमच्याकडंही नावं नव्हतीच. मी 'मिरज'. जयसिंगपूर दोन होत्या, त्यातली एक 'जयसिंग' आणि दुसरी 'पूर'.) इचलकरंजीची वळकटी माझ्या शेजारी. पहाटे गरम पाण्याच्या बादलीसाठी ती माझाही नंबर लावायची. मी सांगितलं. अख्ख्या स्क्वाडला मैदानाच्या जादा फेऱ्या पडल्या, आणि मी बाहेर उभी.

त्या रात्री जेवताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. चार दिवस. 'चुगली' हा शब्द माझ्या पाठीमागं ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलला जायचा. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. कराडनं तोंडावर विचारलं, "तिची जागा पाहिजे म्हणून सांगितलंस ना?"

मी नाही म्हणाले. ताई, आज चौदा वर्षं झाली, घरच्यांनाही कधी सांगितलं नाही ते इथं लिहिते. मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. हात कमी जात होता हे खरं. ती गेली तर जागा मोकळी होईल हेही माझ्या मनात कुठंतरी होतं, तेही खरं. कुठलं आधी आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

पाचव्या रात्री रोलकॉलनंतर इचलकरंजी मला बाथरूमच्या मागं घेऊन गेली. म्हटलं, आता भांडण. तर ती अंधारात सावधान उभी राहिली आणि म्हणाली, "परत बघ. कुठं अडकतोय?" हात वर आणताना तिनं दात आवळले ते मला दिसलं. सुट्टीत स्कूटीवरून पडली होती, खांदा सुजलेला, कुणाला बोललीच नव्हती. बोलली असती तर काढलं असतं ना तिला. आणि काढून कुणाला घेतलं असतं? मला. म्हणून तर माझ्यापासून जास्त लपवत होती, आणि मी शेजारी झोपून मला पत्ता नाही.

आम्ही दोघी बराच वेळ तिथंच बसलो. डास फोडून काढत होते. शेवटी तिचं तिनंच ठरवलं आणि सकाळी जीसीआय मॅडमना (मुलींच्या प्रशिक्षिका) सांगितलं. एमआय रूममधून दोन दिवस विश्रांती मिळाली. ते दोन दिवस तिच्या जागेवर मी होते. शेजारच्या कराडनं पहिल्या तासाला माझ्याकडं बघितलंही नाही. दुपारी "पीछे मुड"ला माझा तोल गेला तर तिनं खालच्या आवाजात, ओठ न हलवता म्हटलं, "टाच दाब, टाच." बोलणं सुरू झालं ते असं.

तिसऱ्या दिवशी इचलकरंजी परत आली आणि मी बाहेर. खांदा बरा व्हायला आणखी चार दिवस लागले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं का? वाटलं. मोठं मन वगैरे सांगणार नाही.

पण त्यानंतर एक बदललं. आता उस्तादांनी विचारायची वाट कुणी बघेना. ब्रेक झाला की एकेक येऊन विचारायची, "मिरज, माझं बघ." संध्याकाळी मेसच्या मागं आमचा वेगळाच क्लास चालायचा. मी खडूनं जमिनीवर रेघ मारायची आणि त्या एकेक करून चालायच्या. गडहिंग्लजचं डोकं प्रत्येक पावलाला डुलायचं, शाळेत लेझीम होती तिची. ती सवय मोडायला आम्ही तिच्या डोक्यावर स्टीलची ताटली ठेवून तिला फिरवलं. पहिल्या दिवशी ताटलीच्या आवाजानं मेसचा आचारी बाहेर यायचा, शेवटी शेवटी तो आत बसून मोजायचा, "आज तीनदाच पडली."

दिवाळी कॅम्पमध्येच झाली. तुम्हाला त्याचंच वाईट वाटतंय ना, म्हणून सांगते. आईनं एसटीच्या पार्सलनं फराळ पाठवला, चकल्यांचा पार चुरा झालेला. सगळ्यांच्या घरचा फराळ एका चादरीवर ओतला आणि कुणाचं काय ते विचारायचं नाही असा नियम केला. चिवडा, शेव आणि चकलीचा चुरा एकत्र, वर अनारसे. नरक चतुर्दशीला गार पाण्यानं अंघोळ, उटणं लावायला वेळ नाही, तर 'पूर'नं पुडीच फोडून सगळ्यांच्या कपाळाला बोट लावलं. रात्री पणत्यांच्या उजेडात बूट पॉलिश. चेरी ब्लॉसमची डबी, ओला कापूस आणि गोल गोल बोट फिरवत गप्पा. बुटाच्या नाकात पणती दिसेपर्यंत घासायचं.

स्पर्धा औरंगाबादला होती. तिथल्या मैदानाबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मी मैदान बघितलंच नाही, मी हात बघत होते. माझ्या खिशात सेफ्टी पिना, जुड्याच्या जाळ्या, ब्रासोनं (पितळेच्या पॉलिशनं) ओला झालेला फडका. शेवटच्या क्षणी जयसिंगचं हॅकल (टोपीवरचा तुरा) सैल झालं ते मी पिनेनं अडकवलं आणि त्या आत गेल्या. खुली लाइन, निकट लाइन, तेज चल, वळण. वळणाला माझा श्वास अडकला, कारण आमची ओळ तिथंच धनुष्यासारखी वाकायची. नाही वाकली. बाहेरच्या टोकाला कराड होती, तिच्या ढांगा बघून माझ्याच मांडीत गोळा आला. इचलकरंजीचा हात खांद्याएवढा. गडहिंग्लजचं डोकं जागच्या जागी.

मुलींच्या ड्रिलमध्ये आमचा ग्रुप पहिला आला. ढाल घेऊन फोटो काढला त्यात मी नाही. फोटोत फक्त स्क्वाड, असा नियम होता. तो फोटो आजही ग्रुपवर फिरतो आणि मला आजही थोडं टोचतं, तुमच्या मुलीलाही टोचेल. त्यावर "काही नाही गं त्यात" असं म्हणू नका. माझी आई म्हणाली होती, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

त्यातल्या चौघी पुढं दिल्लीला गेल्या. २६ जानेवारीला सकाळपासून मी टीव्हीसमोर. राजपथावर मुलींचं पथक आलं, बारा बाय बारा, सगळ्या राज्यांच्या मिसळलेल्या. काही सेकंदच दाखवतात. आई म्हणाली, "यातल्या तुझ्या कुठल्या?" मी सांगू शकले नाही. मी चेहरे बघतच नव्हते, तिसऱ्या ओळीत डावीकडून एकीचा हात कमी जात होता.

पाठवा तिला. टाचांचं कुणीतरी जाणकार सांगेल, माझ्या तर शेवटपर्यंत फुटत राहिल्या.

गच्चीवरचा_कावळा

बारावा गडी मागे घेतो. ताटलीचा प्रकार आवडला.

माजी_हवालदार_सातारा

जय हिंद. मी एनसीसीला पीआय स्टाफ म्हणून तीन वर्षं होतो. मिरजेच्या ताईंनी लिहिलं ते बरोबर आहे, फक्त उस्तादाची बाजू सांगतो. रिझर्व्हला आम्ही उगाच विचारत नाही. पन्नास वेळा तेच बघून आमची नजर मरते. शिवाय मुलींना माझा ओरडा सवयीचा होतो, दोन दिवसांनी त्याचं काही वाटत नाही. बरोबरीच्या पोरीनं सांगितलेलं लागतं. लागलं की सुधारतं. एवढा हिशेब असतो त्यात. तिला त्रास होणार हे आम्हाला माहीत असतं. म्हणून रिझर्व्ह निवडताना आम्ही कच्ची पोरगी घेत नाही. कच्ची स्क्वाडमध्ये मधे खपते, बाहेर खपत नाही.

आता टाचा. नवे बूट कॅम्पला पहिल्यांदा घालायचे नाहीत. आजपासून घरात रोज तासभर घालायला लावा, झाडताना, भांडी घासताना, कधीही. मोजे दोन घालायचे. मोज्याला टाचेच्या जागी आतून कोरडा साबण चोळायचा. फोड आला तर फोडायचा नाही, तो आपणहून बसू द्यायचा. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. मिठाचं पाणी चालेल, पण पाय नंतर पूर्ण कोरडे करा, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. ओल राहिली की कातडी मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी जास्त सोलते.

ठाणेकर_मावशी

हवालदारसाहेब, कच्ची पोरगी बाहेर खपत नाही, हे वाक्य त्या सासूबाईंना वाचून दाखवायला हवं.

बार्शीची_आई

सगळ्यांचे आभार. मिरजेच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि मग मुलीला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर फोन परत देताना एवढंच म्हणाली, "आमच्यात दौंड आहे तशी." पुढं काही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

सासूबाईंना मी वाचून दाखवलं. त्यांनी खांद्याच्या गोष्टीला "अगं बाई" केलं आणि चकल्यांच्या चुऱ्याला जास्त हळहळल्या. या वेळी फराळ एसटीनं पाठवायचा नाही, पत्र्याच्या डब्यात कागद घालून सोबतच द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. म्हणजे पाठवायचं ठरलं, असं मी धरून चाललेय. यांनी विचारलं, "काय ठरलं मग?"

काल संध्याकाळपासून बूट घालून गच्चीवर सराव चालू आहे. खालच्या काकू दोनदा वर आल्या, त्यांच्या छताची खपली पडते म्हणे. मी कपडे काढायला गेले होते तर मला म्हणाली, "आई, तिथंच थांब. मी चालते, डावा हात कमी जातोय का बघ." मला काय कळतंय त्यातलं! तरी थांबले. डावा बरा होता, उजवाच कमी वाटला. सांगितलं तसं तोंड एवढंसं केलं आणि परत सुरुवात केली.

हवालदारसाहेब, एक राहिलं. दोन मोज्यांत आतला सुती की लोकरीचा?

माजी_हवालदार_सातारा

आतला सुती, पातळ. बाहेरचा लोकरीचा. शिवण बोटांवर येऊ देऊ नका. आणि काकूंना सांगा, गच्चीवर गोणपाट टाकून चालायचं.